अठरा तोळे पीठ

म्हैसुरात माणसाला माणूस भेटला की पहिला प्रश्न एकच, "ऊटा आय्ता?" जेवण झालं का. घर मराठी असो नाही तर कानडी, सकाळचे दहा वाजलेले असोत नाही तर दुपारचे चार, प्रश्न हाच आणि उत्तरही ठरलेलं, "आय्तु." झालं म्हणून. विचारणारा उत्तराला थांबतसुद्धा नाही. पोटात अन्नाचा कण नसला तरी "आय्तु" म्हणायचं आणि पुढे चालू लागायचं. चुकून "नाही झालं" म्हटलं तर समोरच्याला आपल्याला घरी न्यावं लागणार, पान मांडावं लागणार. कशाला बापड्याला पेचात टाका.

वनजा बारा वर्षं "आय्तु" म्हणत आली होती. तिचा नवरा म्हैसूरच्या रिसाल्यात सवार होता. मोठ्या लढाईत रिसाला मिसर देशात गेला आणि तिकडेच तो तापाने वारला. तेव्हा ती सोळा वर्षांची. तेव्हापासून ती लष्कर मोहल्ल्यात भावाकडे, मालोजीरावांच्या घरी राहत होती. भाऊ वाईट नव्हता, आणि वहिनीही काही कैदाशीण नव्हती, उगाच पाप कशाला घ्या. पण घरात पाच पोरं आणि पगार एक. सगळ्यांची जेवणं उरकली की भांड्याच्या तळाशी जे राहील ते वनजाचं. कधी बरंच राहायचं, कधी खरवडण्यापुरतं. तिला कुणी उपाशी ठेवलं असं म्हणता येणार नाही. तिचं पान कुणी मांडलं नाही, एवढंच. आणि तू काय खाल्लंस, हे त्या घरात बारा वर्षांत कुणी विचारलं नाही.

आता गंमत बघा. अशा बाईला नोकरी कसली मिळावी, तर घरोघर जाऊन बायकांना विचारायचं, काल तुम्ही काय खाल्लंत.

एकोणीसशे तीस साल. डॉक्टर रघुनाथराव म्हणून एक विलायतेत शिकून आलेले गृहस्थ होते. त्यांच्या एका कामासाठी सरकारने वर्षभराचा पैसा मंजूर केला होता. लोक काय खातात हे शोधायचं काम नव्हतं ते, नीट ऐका. लोक काय खातात हे ओळखायचं कसं, त्याची रीत शोधायचं काम होतं. यात शोधायचं काय डोंबल, सरळ विचारा की, असं तुम्ही म्हणाल. मागच्या दसऱ्याला प्रजाप्रतिनिधी सभेत एका सभासदानेही तेच म्हटलं होतं. आमच्या गावात विहीर खणायला पैसा नाही, आणि आमच्या बायका चुलीवर काय शिजवतात ते मोजायला आहे? सभा खो खो हसली होती म्हणे.

डॉक्टरांचं म्हणणं असं की विचारलं तर माणूस आपल्या अब्रूचं सांगतो, ताटातलं सांगत नाही. म्हणून मापून बघायला हवं. पण मापायला माणसं लागतात, दिवस लागतात, पैसा लागतो. विचारणं फुकट पडतं. तेव्हा दोन्ही रीती एकाच घरात लावायच्या आणि फरक किती पडतो ते येत्या दसऱ्याला सभेपुढे ठेवायचं. फरक पटला तर आणखी तीन वर्षांचा पैसा. नाही पटला तर डॉक्टरांनी दवाखाना उघडावा आणि त्यांच्या चार मापणाऱ्या बायकांनी आपापल्या घरी जावं. वनजाचं आपलं घर म्हणजे पुन्हा तेच, भांड्याचा तळ.

कन्याशाळेत ती लोअर सेकंडरीपर्यंत शिकली होती आणि हिशेबाला पक्की होती. शिवाय मराठी घरांत चुलीपर्यंत जाऊ शकेल अशी बाई डॉक्टरांना हवीच होती. कामाला लावण्याआधी त्यांनी चौघींना आठ दिवसांचं स्वतःचं जेवण लिहून आणायला सांगितलं, सराव म्हणून. वनजाने लिहून नेलं: सकाळी भात, सारू, पल्या, संध्याकाळी रागीची भाकरी, हुळी, वर ताक. सारू म्हणजे पातळ सार, पल्या म्हणजे सुकी भाजी, हुळी म्हणजे आमटी आणि रागी म्हणजे आपली नाचणी. डॉक्टर म्हणाले, "वा, आहार उत्तम आहे तुमचा." ती मान खाली घालून बसली. विचारण्याच्या रीतीत खोट कुठे आहे हे डॉक्टरांना कळायला वर्ष लागणार होतं, वनजाला ते पहिल्याच आठवड्यात ठाऊक होतं.

काम असं होतं. एकेका घरी दहा दिवस जायचं. सकाळी बाईला विचारायचं, काल कुणी किती खाल्लं; ते एका रकान्यात, "सांगितलेलं." मग त्या दिवसाचं धान्य, पीठ, भाजी चुलीवर चढण्याआधी तराजूत घालायची, संध्याकाळी उरलंसुरलं तोलून वजा करायचं, ते दुसऱ्या रकान्यात, "मापलेलं." आणि डॉक्टरांची एक सक्त ताकीद होती. मापणारीने त्या घरात पाण्याच्या घोटाखेरीज काही घ्यायचं नाही. एक घास जरी घेतला तरी आकडा बिघडतो. आता हा नियम काढणारा माणूस मराठी बायकांच्या स्वयंपाकघरात कधी बसलेला नसणार, हे उघड आहे.

भाद्रपदात वनजा पत्र्याच्या पेटीत तराजू घालून नर्मदाबाईंच्या घरी गेली. घरात माणसं दोनच. रणोजीराव, रिसाल्यातून पेन्शन घेतलेले, वय त्रेसष्ट, मिशा अजून पिळदार. आणि नर्मदाबाई, साठीला टेकलेल्या. पहिल्या पानावर माहिती भरायची असते. वनजाने विचारलं, "मुलंबाळं?"

"नाहीत," नर्मदाबाई म्हणाल्या. "झालीच नाहीत."

तिने लिहिलं, अपत्य: नाही.

तराजू बाहेर निघाल्यावर नर्मदाबाईंचं तोंड आंबट झालं. "कुणाचे घास मोजू नयेत बाई," त्या म्हणाल्या. "खाणाऱ्याच्या अंगी लागत नाही. सरकारला एवढं कळत नाही?"

रणोजीरावांना मात्र तराजू फार आवडला. ते पाट ओढून समोरच बसले. "अगं, रिसाल्यात घोड्याचा दाणा असाच तोलून द्यायचे. कुळीथ, शेर न् शेर. सवाराला काय वाढलं ते कुणी बघत नव्हतं, पण घोड्याचा तोळा इकडचा तिकडे झाला तर दफेदार जीव घ्यायचा. का? माणूस बोंबलून सांगेल. घोडा सांगत नाही. त्याचं मापूनच बघावं लागतं." मग वनजाकडे वळून म्हणाले, "आज सरकारने मला घोड्याच्या मानाला आणलं. सरी, बरंय, तोल."

दोघांना मिळून रागीचं पीठ बेचाळीस तोळे. तांदूळ, डाळ वेगळी. वनजाने आकडे लिहिले, पेटी उचलली. दारापर्यंत आलेल्या नर्मदाबाईंनी विचारलं, "ऊटा आय्ता?"

"आय्तु," वनजा म्हणाली आणि पायरी उतरायला लागली.

"काय?"

वनजाला कळेना. "काय म्हणजे?"

"काय खाल्लंस, विचारते."

बारा वर्षांत हा दुसरा प्रश्न आलाच नव्हता. तिने घाईघाईने रोजचंच सांगून टाकलं, भात, सारू, पल्या. नर्मदाबाई "बरं" म्हणाल्या. पण वाटेत वनजाला आपले डोळे भरल्याचं लक्षात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. एवढ्याशा विचारण्याने माणसाने रडायचं म्हणजे काय.

दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तिसऱ्या दिवशीही. वनजा वाटेतच पदार्थ ठरवू लागली. एक दिवस चित्रान्न, एक दिवस वांग्याची हुळी. कुणीतरी विचारणार आहे, या एका गोष्टीने तिला सकाळी उठावंसं वाटू लागलं. उत्तर सगळं खोटं होतं, पण विचारणं खरं होतं, आणि तिला त्या विचारण्याची भूक लागली होती, पोटाच्या भुकेपेक्षा जास्त.

पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अवरेकायीचं सारू आणि भात."

नर्मदाबाई थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. अवरेकायी म्हणजे पावट्याचे दाणे. ते मार्गशीर्षात बाजारात येतात, भाद्रपदात वेलालासुद्धा नसतात. हे म्हैसुरातलं शेंबडं पोर सांगेल. जिने चुलीपाशी उभं राहून आज काय शिजलं ते पाहिलेलं नाही, तीच बाई असं बोलणार. वनजालाही बोलल्यावर चूक कळली आणि तिचे कान तापले.

"छान," नर्मदाबाई म्हणाल्या.

सहाव्या दिवशी पीठ भरलं साठ तोळे.

"मावशी, काल बेचाळीस होतं," वनजा म्हणाली.

"भूक वाढलीय ह्यांची. या वयात वाढते मेली."

रणोजीरावांनी लगेच पोटावरून हात फिरवला. "वाढलीय हो. तूच मापून मापून वाढवलीस."

संध्याकाळी वनजाने उरलेलं तोललं, काहीच उरलेलं नव्हतं. पेटी उचलून ती निघाली तर पेटी जड लागली. देवळाच्या कट्ट्यावर बसून तिने झाकण उघडलं. तराजूच्या पारड्यात केळीच्या पानात बांधलेल्या दोन भाकऱ्या होत्या, आणि वर कारळ्याची चटणी. भाकऱ्या अजून ऊन होत्या.

नियम तिला पाठ होता. परत जाऊन पेटीतलं काढून द्यायचं, किंवा निदान तोलून लिहायचं. तिने दोन्ही केलं नाही. तिने तिथेच बसून खाल्लं, दोन्ही भाकऱ्या, चटणीचा शेवटचा कण पानावरून बोटाने टिपून. जाणाऱ्या-येणाऱ्याने बघितलं असेल तर बघो. कुणीतरी आपल्यासाठी पीठ मळून, आपल्यासाठी थापून, आपल्यासाठी ऊन राहावं म्हणून पानात बांधून दिलं होतं. आई गेल्यापासून हे झालं नव्हतं. आई गेली तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

पुढचे चार दिवस हेच चाललं. पीठ साठ तोळे, उरलेलं शून्य, पेटी जड. नर्मदाबाईंनी त्यावर अवाक्षर काढलं नाही, वनजानेही नाही. सकाळी "काल काय खाल्लं?" विचारलं की नर्मदाबाई खरं तेच सांगायच्या, आम्ही दोघांनी दोन दोन भाकऱ्या. पोरीचे घास त्या कशाला मोजून सांगतील? आणि दारात "ऊटा आय्ता?" विचारणं त्यांनी बंद केलं होतं. ते विचारणं नाहीसं झालं याचं मात्र वनजाला वाईट वाटलं, हातात भाकरी असूनसुद्धा. माणसाचं मन काय एका गोष्टीवर भागतं थोडंच.

दहाव्या दिवशी ती निरोप घ्यायला गेली तेव्हा रणोजीराव म्हणाले, "आता घोड्याला दाणा कोण तोलणार?" नर्मदाबाई म्हणाल्या, "येत जा गं." वनजा म्हणाली, येईन. दोन गल्ल्यांचं तर अंतर होतं.

सभेला पंधरा दिवस राहिले असताना डॉक्टरांनी तिला कचेरीत बोलावलं. मेजावर सगळ्या घरांचे कागद पसरलेले. डॉक्टर खुशीत होते आणि एका कागदावर अडलेही होते.

"वनजाबाई, हे बघा. अठ्ठावीस घरांत सांगितलेलं जास्त आणि मापलेलं कमी. मी म्हणत होतो तेच. बायका शेजारणीला कळेल म्हणून चढवून सांगतात. पण हे एक घर उलटं आहे. पाच दिवस ठीक, आणि सहाव्या दिवसापासून मापलेलं जास्त, सांगितलेलं कमी. रोज अठरा तोळ्यांनी. दोन म्हातारी माणसं तीन माणसांचं पीठ खातात?"

वनजा कागदावरचे आपलेच आकडे बघत होती.

"तराजू बिघडला होता का? तसं असेल तर त्या तराजूने मापलेली तुमची सातही घरं मला काढून टाकावी लागतील. एकोणतीसमधून सात गेली तर सभेत हसतील मला. बिघडला नसेल तर हे घर तेवढं वगळतो. तुम्ही बेरजा पुन्हा तपासा आणि मला सांगा."

ती कागद घेऊन कचेरीच्या ओसरीवर बसली. बेरजा बरोबर होत्या हे तिला ठाऊक होतं. हे घर वगळा म्हटलं की काम संपलं असतं. तिची नोकरी राहिली असती, नर्मदाबाईंना कुणी बोल लावला नसता, डॉक्टरही खूश. पण दहा दिवसांच्या त्या कागदावर रेघ ओढायची म्हणजे ते दिवस झालेच नाहीत असं म्हणायचं. तिच्या सरावाचा खोटा कागद डॉक्टरांनी उत्तम म्हणून जपून ठेवला होता, आणि तिने जे खरंच खाल्लं होतं तेवढंच कचऱ्यात जाणार होतं. ते तिच्याने होईना.

तिने दौतीत टाक बुडवला. "खाणारी माणसं" या ओळीत सहाव्या दिवसापासून दोनाचे तीन केले. पुढचा रकाना होता, कुटुंबप्रमुखाशी नातं. तिथे पाहुणी लिहिता आलं असतं, शेजारीणही चाललं असतं. टाक थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने लिहिलं, लेक. तिसऱ्या माणसाच्या नावावर रोज अठरा तोळे पीठ टाकलं आणि हिशेब पुन्हा मांडला. दोन्ही रकाने तोळ्याला तोळा जुळले. सगळ्या मोहल्ल्यात असं जुळलेलं दुसरं घर नव्हतं.

डॉक्टरांनी आकडे पाहिले, मान डोलावली. मग पान उलटून पहिल्या पानावर आले. "अपत्य नाही, असं तुमच्याच अक्षरात लिहिलंय. मग ही लेक सहाव्या दिवशी आली कुठून?"

वनजाने सांगून टाकलं. अवरेकायीपासून सगळं. "ते अठरा तोळे मी खाल्ले. नर्मदाबाईंना बोलू नका, त्यांना नियम माहीत नव्हता. आणि माझा सरावाचा कागदही खोटा आहे."

डॉक्टर रागावले नव्हते. ते चष्मा पुसत बसले. मग त्यांनी तांबड्या शाईचा टाक घेतला, "लेक" शब्दावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, पाहुणी.

"घर राहील," ते म्हणाले. "आकडा खरा आहे, तो मी टाकणार नाही. पण सभेपुढे लेक कुठून आणू? तुम्हाला काढून टाकायला हवं. काढत नाही, कारण खोटं लपवता आलं असतं तिथे तुम्ही खरं लिहिलंत. दसऱ्यानंतर तुम्ही बन्नूरला जा, तिकडची खेडी घ्या. आणि एक. सहा महिन्यांनी याच घरांची दुसरी फेरी आहे. ती होईपर्यंत तुम्ही त्या घराची पायरी चढायची नाही. तुम्ही गेलात की त्यांचं खाणं बदलतं, हे तुम्हीच सिद्ध केलंय."

तिने एक कार्ड लिहिलं: मावशी, माझी बन्नूरला बदली झाली, सहा महिने येता येणार नाही, काकांनी तब्येतीला जपावं. कार्ड टपालात पडल्यावर तिच्या लक्षात आलं की आपला पत्ता लिहायचाच राहिला. तिथला पत्ता तेव्हा तिला तरी कुठे माहीत होता.

दसरा झाला, सभा भरली. डॉक्टरांनी उभं राहून दाखवलं की नुसतं विचारलं तर पाच शेरांमागे एक शेर हवेतला असतो, आणि त्या हवेतल्या शेरावर उद्या दुष्काळाचे आडाखे बांधले तर माणसं मरतील. तीन वर्षांचा पैसा मंजूर झाला. विहीरवाले सभासद म्हणाले, मग आता विहिरीही मोजा. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.

बन्नूरला वनजाने एक खोली घेतली. उसाचे आणि भाताचे मळे, दिवसातून दोनदा म्हैसूरची मोटार, बाकी शांत. आता चूल तिची, भांडं तिचं, तळही तिचा आणि वरचंही तिचंच. पहिल्या दिवशी तिने ताजा भात केला, सगळ्यांत आधी स्वतःला वाढून घेतला, आणि दोन घासांवर तिचं पोट भरलं. एकटीसाठी केलेलं जेवण गिळायला इतकं अवघड असेल हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. वाटेत गौडांच्या, तिथल्या शेतकऱ्यांच्या बायका विचारायच्या, "ऊटा आय्ता?" ती म्हणायची, "आय्तु." आणि म्हणून झाल्यावर क्षणभर तिथेच रेंगाळायची. पुढचा प्रश्न येत नसे. बायका आपल्या वाटेने गेलेल्या असत.

मार्गशीर्षात बाजारात अवरेकायीचे ढीग लागले. तिने शेरभर घेतल्या, सोलायला बसली, आणि नर्मदाबाईंची ती नजर आठवून तिला हसू आलं. म्हैसूर किती लांब, तर मोटारीने पाऊण-एक तासाचं. पण तिला जायची बंदी होती, आणि ती बंदी तिनेच खरं लिहून ओढवून घेतली होती. आपण विसरलो असं त्या दोघांना वाटत असेल का? रोज संध्याकाळी ती पेटी उघडून तराजू पुसायची. पारड्यात कारळ्याचा वास राहिलाय असं तिला वाटायचं. सहा महिने काही वास राहत नाही, पण वाटायचं खरं.

फाल्गुनात दुसऱ्या फेरीचे कागद आले. जिने मापलं तिने अंतिम बेरीज करायची नाही, असा डॉक्टरांनी आता नवा नियम केला होता. म्हणून बन्नूरचे कागद म्हैसूरला जात आणि म्हैसूरचे बन्नूरला येत. वनजाने गठ्ठा सोडला. चौथा कागद रणोजीरावांच्या घरचा होता. मापणारी वेदवती, नवी मुलगी, अक्षर गोल आणि नीटस.

पहिल्या पानावर लिहिलं होतं, अपत्य: एक. लेक. बन्नूरला असते.

वनजाने ती ओळ वाचली आणि पुन्हा वाचली. मागच्या कागदावर तिने काय लिहिलं होतं ते नर्मदाबाईंना कळायचा मार्ग नव्हता. तो कागद डॉक्टरांनी आपल्याच कपाटात ठेवला होता, तांबड्या रेघेसकट.

मग तिने पान उलटलं. पहिला दिवस. मापलेलं पीठ साठ तोळे. खाणारी माणसं दोन. उरलेलं, भाकऱ्या दोन. दुसरा दिवस, साठ तोळे, उरलेलं, भाकऱ्या दोन. तिसरा दिवस, तेच. शेवटचा रकाना शेऱ्याचा असतो. एवढं रोज का उरतं हे वेदवतीने विचारलेलं दिसत होतं, आणि बाईंनी जे सांगितलं ते तिने इमानाने तसंच्या तसं लिहिलं होतं. पहिल्या दिवसापुढे, "लेक आली नाही." दुसऱ्या दिवसापुढे, "लेक आली नाही." दहाही दिवस तेच, दहा वेळा.

वनजाने बेरीज केली. डोळ्यांपुढे आकडे ठरेनात, तरी केली, दोनदा तपासली, एक तोळासुद्धा इकडचा तिकडे केला नाही. खाली सही केली, कागद गठ्ठ्यात घातला, गठ्ठा टपालात दिला. दुसरी फेरी झाली होती. आता पायरी चढायला कुणाची हरकत नव्हती.

रविवारी पहिल्या मोटारीने ती निघाली. खोलीत रात्रीचा भात होता, तो तिने खाल्ला नाही. पेटीही घेतली नाही.

लष्कर मोहल्ल्यात शिरल्यावर आधी भावाचं घर लागतं. ती तिथे थांबली नाही. नर्मदाबाईंच्या दाराशी पोचली तेव्हा त्या ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली. कुठे होतीस, कशी आहेस, काही नाही. रोज येणाऱ्या माणसाला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "ऊटा आय्ता?"

"नाही झालं, मावशी," वनजा म्हणाली.

"काय खाल्लंस सकाळपासून?"

"काही नाही."

नर्मदाबाईंनी सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत गेल्या. आतून रणोजीरावांचा आवाज आला, "कोण आलंय गं?"

"कोण येणार?" नर्मदाबाई म्हणाल्या. "पाट मांडा."

त्यांनी डब्यातून पीठ काढलं आणि सवयीने तराजूसाठी वनजापुढे धरलं. वनजाचे हात रिकामे होते. नर्मदाबाईंनी त्या हातांकडे पाहिलं, आणखी एक मूठ पीठ त्यात घातलं आणि मळायला बसल्या.